अर्ध्या गुणाचा ताळा

रत्नाबाई धामणकर जन्मभर दोनच गोष्टींना भ्यायल्या, पालीला आणि इन्स्पेक्शनला. अमेरिकेतल्या कॅरी गावी राहायला आल्यावर पालीचं भय बरंचसं गेलं. इन्स्पेक्शन मात्र समुद्र ओलांडून त्यांच्या मागं आलं आणि दोन हजार सहाच्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, सकाळी सव्वादहाला, त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभं राहिलं.

त्या शुक्रवारचं सांगण्याआधी बाई कोण ते सांगायला हवं. वर्ध्याच्या नगरपरिषदेच्या शाळेत त्यांनी चोवीस वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. आवाज खणखणीत, उंची बेताची, आणि खडू संपत आला तरी नखाएवढ्या तुकड्यानं फळा भरवायची सवय. त्यांच्या वर्गाचा एक कायदा होता. गुणाकार केला की शेजारी फुली काढून ताळा मांडायचा, म्हणजे उत्तर पडताळायचं, आणि ताळा जुळला नाही तर तो खोडायचा नाही. वेळ असेल तर गणित पुन्हा करा, वेळ नसेल तर न जुळलेला ताळा तसाच राहू द्या. "तुमचं चुकलं हे तुम्हाला कळलं ना? मग त्याचा अर्धा गुण माझ्याकडून," असं त्या सांगायच्या आणि खरोखर द्यायच्या. मुख्याध्यापक कपाळाला हात लावायचे. "बाई, हे गणित आहे की भूतदया?" बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या चाचणीत पुन्हा अर्धा गुण द्यायच्या.

दिरानं ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता, त्याचा नंबर अकरा वर्षांनी लागला. त्यांचे यजमान गुरुनाथराव वीज मंडळातून तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. दोघं नॉर्थ कॅरोलायनाला आले, दिराच्या घरापासून दोन मैलांवर अपार्टमेंट घेतलं, आणि सहा महिन्यांत रत्नाबाईंना घर खायला उठलं. अशात पेपरात एक जाहिरात दिसली. परीक्षेचे पेपर तपासायला माणसं हवीत, पदवी हवी, गणित यायला हवं, काम हंगामी. बाईंनी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट काढलं, नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि जाऊन चाचणी दिली. दोन हजार सहाचा त्यांचा तिसरा हंगाम.

ऑफिस पार्कातला तो एक बिनखिडक्यांचा हॉल. शंभरावर कॉम्प्युटर, प्रत्येकासमोर एक माणूस. निवृत्त शिक्षक, नोकरी गेलेले इंजिनियर, कुठंच रमेनात असे काही पदवीधर. पेपर स्कॅन होऊन पडद्यावर यायचे. नाव नाही, शाळा नाही, नुसता केंद्राचा नंबर. देश कुठला तेही सांगायचे नाहीत. पण प्रश्नपत्रिका कधी गप्प बसते का? पावसाच्या पाण्याच्या टाक्या, टूना माशाची वजनं, या बेटावरून त्या बेटावर जाणारी बोट किती वाजता पोचेल. अख्ख्या देशातून मिळून दोन हजारही पेपर नव्हते. अकरा-बारा वर्षांची पोरं, प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा, आणि मोठ्या बेटावरच्या हायस्कूलमध्ये जागा मोजक्या. एवढं बाईंना पहिल्याच दिवशी कळलं आणि त्या पोरांबद्दल त्यांना माया वाटू लागली. मायेचं त्या हॉलमध्ये काही काम नव्हतं, हा भाग वेगळा.

तिथं तपासणाऱ्यांचीही तपासणी चालायची. प्रत्येक पेपर दुसरं कुणीतरी पुन्हा तपासायचं, आणि दोघांचे गुण किती वेळा जुळले त्याची टक्केवारी रोज निघायची. ऐंशीच्या खाली गेलात की घरी. रत्नाबाई त्र्याऐंशीवर होत्या. नियमात बसत नसलेला एखादा गुण त्यांच्या बोटातून निसटायचा. सोमवारीच त्यांच्या टेबलाची प्रमुख डार्लीन, ही उंच, शांत बोलणारी बाई, त्यांना बाजूला घेऊन म्हणाली होती, "रत्ना, नियमपुस्तकात नाही ते द्यायचं नाही. तू इथं टीचर नाहीस." हे वाक्य बाईंना फार लागलं होतं. चार रात्री त्यांनी ते नवऱ्याला ऐकवलं.

तर त्या शुक्रवारी डार्लीन खुर्चीमागं आली आणि म्हणाली, "कॉम्प्युटर बंद कर. माझ्याबरोबर ये."

आतल्या खोलीत दोन माणसं होती. एक मिस्टर हॉलंड, या सगळ्या परीक्षेचे प्रमुख, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. दुसरी शिवांगी. ती रत्नाबाईंच्याच टेबलावर बसायची, चोवीस वर्षांची, लहानपणापासून न्यू जर्सीत वाढलेली. डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून खायची आणि बाईंना मावशी म्हणायची. आत्ता ती मावशीकडं बघत नव्हती.

हॉलंडनी पडदा वळवला. केंद्र सतरा, एकूण पेपर एक्केचाळीस. सातवा प्रश्न, तीनशे सत्तेचाळीस गुणिले अठ्ठावन्न. एकामागून एक पेपर सरकत गेले. जवळजवळ प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलीनं काढलेली एक तिरपी फुली, आणि फुलीच्या चार कोपऱ्यांत चार आकडे. डावीकडं पाच, उजवीकडं चार, वर दोन, खाली दोन. पुढच्या पेपरातही पाच, चार, दोन, दोन. त्याच्या पुढच्यातही तेच.

"हे आम्हाला एकाच केंद्रात दिसतंय," हॉलंड म्हणाले. "बाकी देशात कुठंही नाही. सारखंच चिन्ह, सारखेच आकडे. आमच्या मते ही खूण आहे. कुणीतरी मुलांना उत्तरं पुरवली असावीत. आज चार वाजता मला रिपोर्ट पाठवायचा आहे. केंद्र सतराचे निकाल राखून ठेवावेत, अशी शिफारस मी करणार आहे."

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

"मग चौकशी. तीन-चार महिने लागतील."

"पण हायस्कूलचे प्रवेश?"

डार्लीननं मान हलवली. "प्रवेश पुढच्या महिन्यात आहेत. ते यांच्याशिवाय होतील."

हॉलंडनी चष्मा नाकावर घेतला. "आता तुमच्याबद्दल. यांतले चौदा पेपर काल तुम्ही तपासलेत. वेगळी खूण दिसली की कळवायचं, हे ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. शिवांगीनं पाचव्याच पेपरला कळवलं. तुम्ही चौदापैकी एकाही पेपरला कळवलं नाहीत. का?"

का ते रत्नाबाईंना त्या क्षणी कळलं, आणि त्याचीच त्यांना धडकी भरली. त्यांना ती फुली दिसलीच नव्हती. चोवीस वर्षं गुणाकाराशेजारी फुली बघितलेल्या माणसाला फुली नसती तर खटकलं असतं. असलेली फुली त्यांनी कपाळावरच्या कुंकवासारखी गृहीत धरली होती. बाकीच्या केंद्रांत ती नाही, हे तरी लक्षात यायला हवं होतं. पण बाईंचा सगळा जीव त्या त्र्याऐंशी टक्क्यांत अडकला होता. आता हे या माणसाला कुठल्या इंग्रजीत सांगायचं?

"हा ताळा आहे," त्या म्हणाल्या. मग घाईनं, "चेक. उत्तर बरोबर आहे का ते बघायचा चेक. आमच्याकडं मुलांना शिकवतात."

"तुमच्याकडं म्हणजे?"

"महाराष्ट्रात. माझ्या राज्यात."

हॉलंड आणि डार्लीननं एकमेकांकडं बघितलं. चूक झाली, बाईंना वाटलं. त्या दूरच्या बेटावरचं केंद्र, ही खूण, आणि खूण न कळवणारी ही बाई, तिघांचा धागा आपणच आपल्या तोंडानं जोडून दिला.

"त्या केंद्रात तुमच्या ओळखीचं कुणी आहे?" डार्लीननं हळूच विचारलं.

"नाही. देवाशप्पथ नाही. तो देश कुठला तेही मला माहीत नाही. तिथं आमच्याकडचा कुणी मास्तर गेला असेल. आमची माणसं कुठंही जातात. मीच बघा ना, इथं आलेय!"

शिवांगी पुटपुटली, "मावशी, आय ॲम सो सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. आईनं कधी शिकवलंच नाही असं काही. मी जस्ट रूल फॉलो केला."

"तू बरोबर केलंस, बाळा. चुकलं माझं," बाई मराठीत म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या फळ्याकडं वळल्या. मार्कर उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या फळ्यासमोर उभ्या राहत होत्या. त्यांनी आकडे मांडायला घेतले.

"तीनशे सत्तेचाळीस. तीन, चार, सात, बेरीज चौदा. एक आणि चार पाच. हे पाच डावीकडं. अठ्ठावन्न, पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार. हे उजवीकडं. पाच चोक वीस, दोन आणि शून्य दोन. हे वर. आता मुलाचं उत्तर. वीस हजार एकशे सव्वीस. सगळ्या अंकांची बेरीज अकरा, एक आणि एक दोन. हे खाली. वरचा दोन आणि खालचा दोन जुळले, म्हणजे ताळा जुळला. सगळ्यांना गणित एकच, म्हणून आकडेही एकच. यात खूण कसली?"

हॉलंडनी फळ्यावरचे आकडे एकदा वरून खाली वाचले. ते वाईट गृहस्थ नव्हते. शिकलेले होते, आणि हीच अडचण होती.

"युक्ती मला माहीत आहे," ते म्हणाले. "नऊ वगळून तपासणं. फुली नव्हती माहीत. पण मिसेस धामणकर, तुम्ही सांगताय ते खरं असू शकतं आणि माझा संशयही खरा असू शकतो. बरोबर उत्तर पुरवलेलं असेल तरी फुली अशीच दिसेल. चूक उत्तराची फुली वेगळी असायला हवी. तशी एक तरी दाखवा."

ही मागणी रास्त होती. स्वतः बाईंनीही एखाद्या पोराला हेच विचारलं असतं.

केंद्र सतराच्या एक्केचाळीस पेपरांत सातव्या प्रश्नाची चूक उत्तरं पाचच निघाली. एरवी एखाद्या वर्गाचं इतकं चांगलं काम बघून बाईंनी सगळ्यांना चिंचगोळ्या वाटल्या असत्या. आज त्यांना वाटलं, मेल्यांनो, आणखी थोडं चुकला असता तर काय बिघडलं असतं?

पहिल्या पेपरात उत्तर होतं, फुली नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. तिसऱ्या पोरानं गणित अर्धवटच सोडून दिलं होतं. डार्लीननं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चौथा पेपर उघडला आणि त्यात फुली दिसली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. उत्तर वीस हजार दोनशे सोळा, साफ चूक. आणि फुलीत पाच, चार, दोन, दोन.

"सारखेच," हॉलंड म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, थोडा खेदच होता. "उत्तर चूक, तरी आकडे तेच."

"थांबा, थांबा. याचे अंक उलटे पडलेत. सव्वीसाचा दोन पुढं गेला. पण बेरीज तीच राहते ना, अकरा! अंक इकडचे तिकडं झाले तर ताळ्याला कळत नाही. ताळ्याचं हे व्यंग आहे. मी दरवर्षी पोरांना सांगायची." बोलता बोलता बाईंनाच ऐकू आलं, की हे सगळं थापेबाज पोराच्या सबबीसारखं वाटतंय. चोवीस वर्षं अशा सबबी त्यांनी ऐकल्या होत्या आणि त्यातल्या फार थोड्यांवर विश्वास ठेवला होता. एक्केचाळीस पोरं बेटावर कुठंतरी निर्धास्त झोपली असतील, आणि इथं त्यांच्या वर्षाचा फैसला एका म्हातारीच्या मोडक्या इंग्रजीवर चालला होता.

"एक उरलाय," शिवांगी म्हणाली. तिनंच माऊस ओढून घेतला.

पाचवा पेपर उघडला.

अक्षर गिचमिड. पेन्सिल बोथट. उत्तर वीस हजार सव्वीस. एक हातचा धरायचा राहिला होता, नेहमीची चूक. शेजारी फुली. डावीकडं पाच. उजवीकडं चार. वर दोन. खाली एक.

हॉलंड खुर्ची पुढं ओढून पडद्याजवळ गेले आणि बोटानं अंक मोजू लागले. दोन, दोन, सहा, बेरीज दहा. एक आणि शून्य एक.

"खाली आणखी काहीतरी आहे," डार्लीन म्हणाली.

पानाच्या अगदी कडेला, पुसट, तोच गुणाकार पुन्हा मांडायला घेतला होता. तीनशे सत्तेचाळीस, खाली अठ्ठावन्न, आठ साते छप्पन्न, सहा लिहून पाच हातचे. तिथंच पेन्सिल थांबली होती. घंटा झाली असणार. पोराला कळलं होतं की आपलं चुकलंय. फुलीतला एक खोडून दोन करायला किती वेळ लागतो? पण त्यानं तो एक तसाच ठेवला होता. खालच्या गुणाकाराला हात घातला होता आणि वेळ संपली होती.

रत्नाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. लाजही वाटली आणि थांबवताही येईना. त्या बेटावर कुणीतरी, त्यांच्याच मुलखातलं, त्यांना कधीही न भेटलेलं माणूस, खडू हातात घेऊन पोरांना सांगत होतं की जुळलं नाही तर खोडू नका.

हॉलंडनी चष्मा पुसला. मग बाकीच्या फुल्याही एकेक करून तपासल्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि इतर प्रश्नांतले गुणाकारही बघितले. तिथं आकडे प्रत्येक गणिताचे वेगळे होते आणि सगळे त्या त्या गणिताला धरून होते. दुपारचा एक वाजला. "शिफारस मागे," ते म्हणाले. "केंद्र सतरा मोकळं. मिसेस धामणकर, तुम्ही कळवायला हवं होतं, हे मी तरीही लिहिणार आहे."

"लिहा," बाई म्हणाल्या. "खरंच आहे ते."

"आणि हा शेवटचा पेपर अजून तपासायचा राहिलाय. तुमच्याच यादीत आहे. तेवढा करून टाका, म्हणजे या केंद्राचं काम संपेल."

बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. पडद्यावर तेच गिचमिड अक्षर. सातवा प्रश्न, गुण दोन. नियमपुस्तकात एकच ओळ होती. उत्तर बरोबर तर दोन, नाहीतर शून्य, मधलं काही नाही. पडद्याखाली दोनच चौकोन होते, दोन आणि शून्य.

दोनवर बोट ठेवलं तर दुसरा तपासनीस शून्य देईल, गुण जुळणार नाहीत, आणि आज त्या पेपराकडं सगळ्यांचं लक्ष होतं. ही बाई आपल्या मुलखातल्या मास्तरच्या पोरांना झुकतं माप देते, असं एकदा झालं की सकाळपासून सांगितलेलं सगळं पाण्यात. एक्केचाळीस पोरांचे निकाल पुन्हा लटकणार. बाईंना हे सगळं लख्ख दिसत होतं. एरवी नको तिथं निसटणारं त्यांचं बोट आज शहाण्यासारखं वागणार होतं, आणि त्यांना त्या शहाणपणाचा मनापासून राग आला.

शिवांगी शेजारच्या खुर्चीवरून बघत होती. "मावशी, धिस इज नॉट फेअर यार. त्याच्यामुळंच तर सगळे वाचले."

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शून्य दाबलं.

पडदा कोरा झाला आणि दुसऱ्या केंद्राचा पेपर आला. त्यात फुली नव्हती. बाईंना ते लगेच खटकलं.

साडेचारला गुरुनाथराव जुनी कोरोला घेऊन दाराशी उभे होते. बाई आत बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि पट्टा लावायचा विसरल्या.

"काय झालं? रडून आलीस का तू?" गुरुनाथरावांनी विचारलं. "काढलं का त्यांनी?"

"नाही काढलं."

"मग? आज परत काय दिलं तू कोणाला?"

बाईंनी काचेतून बाहेर बघितलं. पार्किंगच्या कडेला पांढऱ्या फुलांची झाडं होती, दर एप्रिलला बहरायची. आजवर त्यांनी त्यांचं नाव कुणाला विचारलं नव्हतं.

"काही नाही दिलं, अहो," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी एका पोराचा अर्धा गुण बुडवला."